पिग्मीचा रिपोर्ट आणि बारा वर्षं जुना डेटाबेस: शहापुरातल्या एका पतसंस्थेचं प्रकरण

बेळगावच्या शहापूर भागातली ही पतसंस्था. कर्नाटकाच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली, सभासद काही हजार. विणकर, उद्यमबागेतल्या कारखान्यांतले कामगार, भाजी मार्केटातले व्यापारी, शिवाय खानापूर आणि निपाणीकडची बरीच कुटुंबं. हे काम मी बघितलं. संस्थेचं नाव इथे देत नाही, तिच्या होस्टिंग कंपनीचंही नाही. प्रकरण एका कंपनीपुरतं नाही, म्हणून नावाची गरजही नाही.

संस्थेचे दोन डेटाबेस होते. काउंटरवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर ऑफिसातल्या सर्व्हरवर, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालायचं. सभासदांना घरबसल्या शिल्लक बघता यावी म्हणून केलेलं पोर्टल एका शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइटींना मिळून भाड्यानं दिलेल्या सर्व्हरवर) होतं, मायएसक्यूएलच्या कुळातल्या फुकट डेटाबेसवर. पोर्टल लिहिणारा मुलगा इथूनच इंजिनिअर झाला आणि आता पुण्यात नोकरी करतो. त्याच्यामागे त्या कोडकडे कोणी बघितलेलं नव्हतं.

२०२४ च्या पावसाळ्यात संस्थेला एक साधा रिपोर्ट हवा झाला. दुकानादुकानातून रोज पैसे गोळा करायची पिग्मी ही कर्नाटकातली जुनी पद्धत, सिंडिकेट बँकेनं १९२८ साली सुरू केलेली. या संस्थेचे एजंट रोज संध्याकाळी दिवसाचा भरणा पोर्टलवर चढवतात. आता प्रत्येक खात्यापुढे तारीखवार भरणा आणि त्या दिवसापर्यंतची चढती बेरीज दिसायला हवी होती. नव्या प्रोग्रामरनं विंडो फंक्शन (चढती बेरीज एका झटक्यात काढणारी डेटाबेसची सोय) वापरून चार ओळींत क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, लिहिली. त्याच्या लॅपटॉपवर ती चालली, होस्टिंगवर मात्र १०६४ नंबरचा एरर आला: वाक्यरचना चूक. कोड दोन्हीकडे तोच होता. मग सर्व्हरलाच आवृत्ती विचारली. उत्तर आलं, मारियाडीबी ५.५.६८. मारियाडीबी म्हणजे मायएसक्यूएलच्या कुळातला तो फुकट डेटाबेस.

विंडो फंक्शन मारियाडीबीत १०.२ पासून आलं, म्हणजे २०१७ साली. मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून, २०१८ साली. ५.५ ही मालिका २०१२ सालची आणि तिचा अधिकृत पाठिंबा एप्रिल २०२० मध्ये संपलेला. क्वेरीत काही चूक नव्हती. सर्व्हरला ती भाषा यायच्या आधीच त्याचं शिक्षण थांबलं होतं.

होस्टिंगवाल्यांना लिहिलं तेव्हा दोन उत्तरं आली. पहिलं असं, की ही आवृत्ती सेंटओएस ७ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येते आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. हे अर्धं खरं होतं आणि तेवढं मान्य करायलाच हवं. सेंटओएस जिच्या सिस्टिमवरून बनायची ती रेड हॅट कंपनी आपल्या जुन्या आवृत्त्यांत नव्या दुरुस्त्या मागून घालत असते आणि सेंटओएसला त्या आपसूक मिळायच्या. त्यामुळे नुसता आवृत्तीचा नंबर बघून सर्व्हर असुरक्षित ठरवणं बरोबर नाही. पण सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला. आमचा पत्रव्यवहार त्यानंतरचा. म्हणजे ज्या आधारावर ते उत्तर उभं होतं तो आधारच गेला होता आणि सभासदांचे फोन नंबर, पत्ते, शिल्लक त्याच सर्व्हरवर होती.

दुसरं उत्तर जास्त विचार करायला लावणारं होतं. नवी आवृत्ती हवी असेल तर महागडा प्लॅन घ्या, कारण अपग्रेडला लायसन्सचा खर्च येतो, असं विक्री विभागानं कळवलं. मारियाडीबी आणि मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती, दोन्ही जीपीएल या खुल्या परवान्याखाली मिळतात. ५.५ ला लायसन्सचे शून्य रुपये लागतात आणि नव्या १०.११ लाही शून्यच. होस्टिंग कंपनीला लायसन्सचा खर्च असतो तो दुसरीकडे. साइटी सांभाळायच्या कंट्रोल पॅनेलला पैसे पडतात, आणि त्यातल्या सीपॅनेलनं २०१९ मध्ये खात्यांच्या संख्येवर दर लावल्यापासून स्वस्त होस्टिंग विकणाऱ्यांचं गणित आणखी आवळलं गेलं आहे. पण त्याचा डेटाबेसच्या वयाशी संबंध नाही.

मग फुकट मिळणारी नवी वस्तू सोडून कोणी जुनी का वापरतं? याचं कारण शेअर्ड होस्टिंगच्या बांधणीत आहे. साइटी ज्या भाषेत लिहितात त्या पीएचपीच्या चार-पाच आवृत्त्या एका सर्व्हरवर शेजारी शेजारी ठेवता येतात आणि प्रत्येक गिऱ्हाईक आपापली निवडतो. डेटाबेसचं तसं नाही. वाड्यात सगळ्यांची मिळून एकच विहीर असावी तसा एका सर्व्हरवरच्या शेकडो साइटींना मिळून एकच डेटाबेस असतो, आणि बदलायचा तर सगळ्यांचा एकदम बदलतो. त्या शेकडोंमध्ये दहा वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेली आणि नंतर वाऱ्यावर सोडलेली दुकानं, शाळा, लॉज असतात. मायएसक्यूएल ८.० मध्ये 'रँक' आणि 'ग्रुप्स' हे शब्द राखीव झाले, म्हणजे नाव म्हणून तसेच वापरता येईनात. ज्याच्या टेबलाचं नाव 'ग्रुप्स' आहे त्याची साइट अपग्रेडच्या दिवशी बंद पडते. ५.७ पासून 'ग्रुप बाय'चे (नोंदींचे गट करण्याचे) नियम कडक झाले आणि '००००-००-००' अशा शून्य तारखा नाकारल्या जाऊ लागल्या. मायएसक्यूएलमध्ये ५.५ वरून ८.० ला जागच्या जागी जायचं तर मध्ये ५.६ आणि ५.७ च्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि ८.० वर गेल्यावर जागच्या जागी मागे येता येत नाही. जी साइट मोडेल तिचा मालक फोन करणार, आणि महिन्याला शंभर-दोनशे रुपये देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या एका फोनमध्ये त्याच्याकडून मिळणारा वर्षाचा नफा जातो. जुनी आवृत्ती तशीच ठेवली तर कोणाचाच फोन येत नाही.

त्यांची ही अडचण मला समजते. पण ती लायसन्सच्या नावाखाली सांगितली जाते हे मला खटकतं. संस्थेच्या संचालकांना त्यातून चुकीचा धडा मिळाला, आणि पुढच्या सभेत तोच समोर आला.

संचालकांच्या बैठकीत मॅनेजरबाईंचा पहिला सवाल होता, "चाललंय तर कशाला हात लावूलायसा वो?" चेअरमनसाहेबांचं मत वेगळं. "फुकटचं घेतलं की असंच होतंय. पैसे टाकून चांगलं घ्या की. काउंटरला मायक्रोसॉफ्टचं आहे, तेच पोर्टलला घ्या." संस्था चालवणाऱ्या माणसाचं हे बोलणं रास्त आहे. पैसे दिले की कोणीतरी जबाबदार असतो, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. म्हणून आकडे काढून समोर ठेवले.

एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीचं लायसन्स कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या भागांवर, मोजतात. दोन कोअरच्या पॅकची तेव्हाची यादीतली किंमत ३,९४५ डॉलर, आणि कितीही छोटा सर्व्हर असला तरी किमान चार कोअर घ्यावेच लागतात. म्हणजे ७,८९० डॉलर, तेव्हाच्या दरानं साडेसहा लाखांहून जास्त, वर १८ टक्के जीएसटी. दुसरी पद्धत आहे: सर्व्हरचे ९८९ डॉलर आणि वापरणाऱ्या प्रत्येकामागे २३० डॉलर. ऑफिसात आठ माणसं असतील तर ही पद्धत बरीच स्वस्त पडते. पण पोर्टलवर हजारो सभासद येणार, तिथे माणसामागे लायसन्स घेणं शक्य नाही, कोअरच घ्यावे लागतात. एका संचालकांनी ओरॅकलचं नाव काढलं. त्याच्या एंटरप्राइझ आवृत्तीची यादीतली किंमत एका प्रोसेसरमागे ४७,५०० डॉलर, आणि दर वर्षी पाठिंब्याचे २२ टक्के. तो विषय तिथेच मिटला.

यानंतर मी विचारलं, काउंटरवर जो पैसे देऊन घेतलेला डेटाबेस आहे तो कुठल्या सालचा? कोणालाच माहीत नव्हतं. सर्व्हरवर बघितलं तर एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२, तोही एक्सप्रेस, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं फुकट दिलेली छोटी आवृत्ती. त्याचा पाठिंबा ९ जुलै २०१९ ला संपलेला. पैसे गेले होते ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आणि त्याच्या वार्षिक देखभालीला, डेटाबेसला एक रुपयाही नाही. त्या देखभालीच्या करारात डेटाबेस कधी बदलायचा यावर एक ओळ नव्हती. होस्टिंगच्या करारातही नव्हती. एका बाजूला मालकीचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या बाजूला खुलं, आणि दोन्ही सारखीच शिळी झालेली. बदलायचं काम कोणाच्या अंगावर आहे हे लिहिलेलं नसलं की ते कोणीच करत नाही. या संस्थेत नेमकं तेच झालं होतं, आणि सीमाभागातल्या ज्या दुसऱ्या संस्थांचं काम मी बघितलं आहे तिथेही मला हेच दिसतं.

संचालकांपैकी एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. फुकटच्या वस्तूचा मालक कोण, उद्या तो पळाला तर? मायएसक्यूएल २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं शंभर कोटी डॉलरला घेतलं, आणि सन स्वतः जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. ते होणार हे दिसताच मूळ लेखकांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच कोडची वेगळी शाखा काढली, ती मारियाडीबी. मारियाडीबीची कंपनीही पुढे शेअर बाजारात गेली आणि २०२४ मध्ये एका गुंतवणूक कंपनीनं ती विकत घेतली. मालक बदलत राहिले, पण जीपीएलखाली एकदा दिलेला कोड कोणाला परत घेता आला नाही. सरांना हे पटलं. "म्हणजे कागद आपल्या हातात राहतो," असं ते म्हणाले.

ठरलं असं, की शेअर्ड होस्टिंग सोडायचं, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (आपल्यापुरता वेगळा आभासी सर्व्हर) घ्यायचा, त्यावर डेबियन १२ ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्याच भांडारातली मारियाडीबी १०.११. भाडं महिन्याला हजार-दीड हजाराच्या घरात. मायएसक्यूएल ८.० घेतली नाही, कारण तिची मुदत एप्रिल २०२६ मध्येच संपणार होती. १०.११ ची फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे आणि डेबियनच्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप चढतील अशी सोय करता येते. प्रोग्रामरचा ओढा पोस्टग्रेस या दुसऱ्या खुल्या डेटाबेसकडे होता. ती उत्तम आहे, दर मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं पाठिंबा देते. पण त्यासाठी जुन्या पोर्टलच्या सगळ्या क्वेरी पुन्हा लिहाव्या लागल्या असत्या. त्या पैशांत बॅकअप आणि देखभालीसाठी माणूस ठेवणं मला जास्त गरजेचं वाटलं. शहरातल्याच एका तंत्रज्ञाशी वार्षिक करार झाला आणि त्यात आवृत्तीची मुदत संपण्याआधी सहा महिने अपग्रेड करून दाखवायचं हे कलम घातलं. खरा खर्च इथे आहे. खुल्या सॉफ्टवेअरला लायसन्स लागत नाही, पण माणूस लागतो, आणि जो सल्लागार संस्थेला 'सगळं फुकट' सांगतो तो पुढच्या दहा वर्षांच्या दुखण्याची सोय करून ठेवतो.

नावं तुटलेली का होती

डेटा हलवताना जे सापडलं ते मराठी आणि कन्नड मजकूर सांभाळणाऱ्या प्रत्येकानं वाचावं असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या पोर्टलची टेबलं लॅटिन१ या कॅरॅक्टर सेटमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या युरोपी तक्त्यात) होती, कारण त्या काळी न सांगता तेच मिळायचं. पीएचपी मात्र यूटीएफ-८ चे, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीचे, बाइट पाठवत होतं. डेटाबेसला वाटायचं ही युरोपी अक्षरं आहेत, तो ती जशीच्या तशी ठेवायचा आणि जशीच्या तशी परत द्यायचा. स्क्रीनवर मराठी नीट दिसायची, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला शंका आली नाही. पण साध्या पद्धतीनं डंप (सगळ्या डेटाची फाइल) घेतला की डेटाबेस त्या प्रत्येक बाइटचं पुन्हा यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करतो आणि एका देवनागरी अक्षराची तीन परकी चिन्हं होतात. पहिल्या चाचणीत सगळी यादी तशी आली.

त्या गोंधळातही एक खूण असते. देवनागरी आणि कन्नड, दोन्हींचा पहिला बाइट सारखाच, त्यामुळे सुरुवातीला डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए दिसतो. दुसऱ्या जागी चलनाचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह असेल तर मूळ अक्षर देवनागरी. तिथे वर लिहिलेला बारीक दोन किंवा तीन असेल तर कन्नड. या संस्थेत नाव मराठीत आणि लेखापरीक्षणाच्या कागदांसाठी तेच नाव कन्नडमध्ये, असे दोन रकाने होते. कुठे अदलाबदल झाली आहे का, हे दुरुस्तीच्या आधीच या खुणेवरून तपासता आलं.

उपाय असा, की डंप घेतानाच कॅरॅक्टर सेट लॅटिन१ सांगायचा, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतात. मग फाइलीतल्या टेबलांच्या व्याख्येत लॅटिन१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ लिहायचं आणि नव्या सर्व्हरला तोच सेट सांगून आत घ्यायचं. नुसतं यूटीएफ८ लिहिलं तर डेटाबेसच्या या कुळात त्याचा जुना अर्थ अक्षरामागे जास्तीत जास्त तीन बाइट असा आहे. रोजच्या देवनागरी आणि कन्नडला तीन पुरतात, पण इमोजीला चार लागतात. मोडी लिपीलाही चारच लागतात, आणि आपल्या भागातल्या जुन्या दस्तांमध्ये ती भरपूर आहे. उद्या ते सूचीत घालायचे झाले तर पुन्हा हा खटाटोप नको.

एवढं करूनही आयात मध्येच थांबली. काही ओळींवर १३६६ नंबरचा एरर: चुकीची अक्षरमाला. त्या ओळी उघडल्या तेव्हा खरी गोष्ट कळली. नावाचा रकाना ५० अक्षरांचा होता. लॅटिन१ मध्ये एक अक्षर म्हणजे एक बाइट, तेव्हा रकान्यात ५० बाइट मावतात, आणि देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे तीन लागतात. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'लक्ष्मीबाई यल्लाप्पा' असं कल्पित नाव घेऊ. 'लक्ष्मीबाई'त दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट, मधली मोकळी जागा एक, उरले १९. त्यात 'यल्लाप' एवढी सहा चिन्हं बसतात, पुढच्या हलन्ताचा एकच बाइट आत येतो आणि उरलेले दोन बाहेर पडतात. म्हणजे वडिलांचं नाव अर्धवट, त्यापुढचं आडनाव पार गेलेलं आणि शेवटी एक तुटका बाइट. ५.५ मुळातच ढिल्या नियमांवर चालायची. रकान्यात न मावलेलं ती मुकाट्यानं कापायची, फक्त एक इशारा नोंदवायची, आणि तो इशारा कोणी वाचत नव्हतं. मारियाडीबी १०.२ पासून कडक नियम आपोआप लागू असतात आणि असा भरणा सरळ नाकारला जातो. पोर्टल जर २०१७ नंतरच्या आवृत्तीवर असतं तर पहिल्याच लांब नावाला एरर आला असता आणि त्याच दिवशी रकाना वाढवला गेला असता.

जुन्या आवृत्तीची किंमत मला इथे सर्वांत स्पष्ट दिसली. सुरक्षेचं भय सगळे सांगतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे, हेही संचालकांना सांगितलं. पण इथे कोणी हल्ला केला नव्हता. शिळ्या सॉफ्टवेअरनं रोजच्या कामात, कोणाच्या लक्षात न येता, सभासदांची नावं खाल्ली होती. 'यल्लाप्पा', 'मल्लिकार्जुन', 'ज्ञानेश्वर' अशी जोडाक्षरी लांब नावं आपल्याकडे घरोघरी, त्यामुळे फटका आपल्याच लोकांना जास्त.

आणखी एक गोष्ट निघाली. पिग्मीची टेबलं मायआयएसएएम या डेटा साठवायच्या जुन्या इंजिनवर होती, त्यात व्यवहार एकगठ्ठा करायची सोय नाही. एजंटाचा भरणा चढताना नेट तुटलं तर निम्म्या नोंदी राहायच्या, निम्म्या जायच्या. ती टेबलं ही सोय असलेल्या इनोडीबी इंजिनवर नेली. जन्मतारखेच्या रकान्यातल्या शून्य तारखा रिकाम्या केल्या. रिपोर्टची मूळ क्वेरी एक अक्षरही न बदलता चालली.

काउंटरची बाजू

इथे थोडक्यात सांगण्यासारखं आहे. एक्सप्रेस आवृत्तीला तेव्हा डेटाबेसमागे १० जीबीची मर्यादा होती आणि संस्थेचा डेटाबेस तिच्या जवळ आला होता. सॉफ्टवेअरवाल्यांनी स्टँडर्डचं लायसन्स घ्यायला सुचवलं. तपासलं तर जागेचा मोठा भाग सह्यांच्या आणि फोटोंच्या स्कॅननं व्यापलेला, सगळी चित्रं टेबलातच ठेवलेली. चित्रं बाहेर फोल्डरमध्ये काढून टेबलात फक्त त्यांचा पत्ता ठेवला की हिशेबाचे आकडे १० जीबीत आणखी कितीतरी वर्षं मावतात. म्हणून तिथे एसक्यूएल सर्व्हर २०१९ ची एक्सप्रेस आवृत्ती घ्यायचं ठरलं, तिची मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे. मालकीचं सॉफ्टवेअर हटवायचा हट्ट मी धरला नाही. काउंटरचं सगळं काम त्यावर बसलेलं आहे, कारकुनांचा हात बसलेला आहे, आणि फुकट मर्यादेत भागत असेल तर ते मोडण्यात अर्थ नाही.

हा बदल ३१ मार्चच्या क्लोजिंगनंतर ठेवला. देखभालीच्या नव्या करारात डेटाबेसची आवृत्ती, तिची मुदत आणि अपग्रेडची जबाबदारी यांची ओळ घालायला सॉफ्टवेअरवाले आधी तयार नव्हते. चेअरमनसाहेबांनी त्याशिवाय चेक निघणार नाही म्हणून सांगितल्यावर ती ओळ आली. कापली गेलेली नावं मूळ अर्जांवरून पुन्हा भरायचं काम मॅनेजरबाईंनी दोन कारकुनांना वाटून दिलं आहे. खानापूरकडचे अर्ज झाले, निपाणीचे चालू आहेत.